चाळीस घंटांची बाकी

मोडी वाचते मी. पानामागे दीडशे रुपये,
वाळवी लागलेलं असेल तर दोनशे.
यंदा माघात पत्र आलं मेन नावाच्या प्रांतातून,
डॉर्कस व्हिट्लो, वय एक्याऐंशी, अक्षर ठसठशीत:
‘माझ्या खापरपणजोबांचे वडील तुमच्या पुण्यात राहून गेले.
साहसी पुरुष, व्यापारी, ग्रंथकार.
त्यांचं काही सापडतं का पाहा.’
सोबत त्या ग्रंथाचं तिसरं प्रकरण.

प्रकरणात मुठा नदी खाडीएवढी.
पर्वतीवर तो तीन वाघ मारतो, तेही न्याहारीआधी.
त्याला विचारल्याशिवाय दरबार विडा उचलत नाही,
आणि त्याने आणलेल्या चाळीस घंटा
चाळीस हत्तींच्या गळ्यात वाजत
दिल्लीच्या वाटेला लागतात.

हसले. मग रुमाल सोडला.

शके सतराशे सोळा. शाई टिपायला टाकलेली वाळू
अजून बोटांना लागते, चमकते.
कारकुनाने नाव ऐकलं तसं लिहिलंय:
‘उबदाजी विठलो टोपीकर’.
ओबडाया व्हिट्लो,
या गावाने बारशाशिवाय तुझा विठ्ठल केला
आणि तुला पत्ताच नाही.

आणलं काय होतं? चाळीस घड्याळं,
आतली चाकंसुद्धा लाकडाची.
बुधवारात मांडून बसला.
लोक येत, लंबकाबरोबर मान हलवत, जात.
घंगाळात वाटी बुडाली की घटका भरली,
त्याला कपाट कशाला?
आषाढात चाकं फुगली. चाळीसही थांबली,
प्रत्येकाची वेळ वेगळी.

दुसरा कोणी कपाळाला हात लावून बसला असता.
याने कपाटं सुताराला विकली,
तबकड्या पोरांना खेळायला दिल्या,
आणि घंटा तेवढ्या पोत्यात भरून
गेला तांबट आळीत, सगुणीकडे.
तिचा नवरा वारलेला, भाता तीच ओढायची.
तिने घंटेघंटेला कडी ठोकून बसवली.
मीठ उतरवून परत निघालेले लमाण
त्या बैलांच्या गळ्यात बांधून घेऊन गेले.
अमेरिकेची वेळ अशी घाट उतरली,
बैलाच्या चालीने,
ज्याला जेव्हा ऐकू येईल तेव्हा.

माणूस हुशार होता, मान्य.
हत्ती नव्हते एवढंच.

पण त्याच रुमालात तळाशी एक चिठोरं:
‘सगुणी तांबटीण कोतवालीस अर्ज करिते जे,
कड्या चाळीस, मजुरी रुपये दहा, पैकी पावले दोन.
तगादा करिता टोपीकर हसतो.’
पाठीमागे दुसऱ्या हाताचा शेरा:
‘असामी मुंबईस उतरला.’
आणि एक ओळ सोडून: ‘बाकी ८.’

ग्रंथाच्या त्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य आहे,
पुणे सोडताना मी कुणाचा छदामही देणं लागत नव्हतो.

डॉर्कसबाईंना काय कळवायचं?
दोन दिवस कागद पालथा ठेवला.
मग सगळं लिहिलं, बैलांसकट.
उत्तरात एकच प्रश्न:
‘व्याज धरून किती होतात?’

आमच्याकडे दामदुप्पट, बाई.
व्याज मुद्दलापुढे जात नाही,
दोन वर्षं होवोत की दोनशे तीस.
सोळा.

तिने सोळा पाठवले.
बँकेने त्यावर पाठवणावळ किती घेतली ते सांगत नाही.

आज तांबट आळीत गेले.
तिथे दोन घावांच्या मधल्या फटीत बोलावं लागतं.
एका दारात एक पोरगी तपेल्याच्या काठाला ठोके देत होती,
कानात कापसाचे बोळे.
म्हटलं, सोळा रुपये द्यायचेत.
‘कशाचे?’
कड्यांचे.
हातोडी वरच ठेवून तिने विचारलं,
‘कुठल्या कड्या?’

आणि मी, पानामागे दीडशे घेणारी,
कुठल्या शकापासून सांगायला घ्यावं
ते शोधत उभी राहिले
घाव पडेपर्यंत.